कडेच्या रिक्षा

पिवळा दिवा लागला तेव्हा ओवी रिक्षा मोजत होती.

पुस्तकाचं ते सातवं पान. मध्ये सिग्नल, सिग्नलखाली शिट्टी फुंकणारा पोलीस आणि चौकभर रिक्षा. ओवीनं एकेकीवर बोट टेकवत मोजल्या आणि मान ताठ करून सांगितलं, "पाच!"

"नीट बघ. सात आहेत."

"पाचच हायती, बाई."

मी तिचं बोट धरून पानाच्या डाव्या कडेला नेलं, मग उजव्या. तिनं मान वळवून पाहिलं आणि खुदकन हसली. "ह्या आत्ता आल्या!"

आम्ही सगळे हसलो. मी हसले, बाकीची पोरं हसली आणि खिचडीच्या पातेल्यापाशी बसलेली तिची आजीही पदर तोंडाला लावून हसली. पुस्तकाच्या कण्यावरचा हरभऱ्याएवढा दिवा तेवढा हिरव्याचा पिवळा झाला होता. ओवी त्या दिवशी चार वर्षं आठ महिन्यांची होती आणि तिचे डोळे वाचवायला अजून पाच-सहा महिने हातात होते. हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. आज मला ठाऊक आहे आणि त्याचा ओवीला काडीचा उपयोग नाही.

मी रोहिणी खोत. इचलकरंजीत यंत्रमागांच्या खडखडाटात अंगणवाडी सांभाळत अठ्ठावीस वर्षं काढली. ओवीची आजी बेबी लोहार माझी मदतनीस. खिचडी शिजवणं, झाडलोट, पोरांना घरून आणणं-पोचवणं हे तिचं काम. कागदावर मी सेविका आणि ती मदतनीस, पण अठरा वर्षांत आमच्यात कोण वरचं कोण खालचं हे मी तरी विसरले होते. माझ्या बाळंतपणात तिनं मला शेक दिला होता. तिच्या नवऱ्याच्या मयताला मी तिच्याशेजारी बसले होते.

२०४१ साली, उन्हाळा फार झाल्यामुळे अंगणवाडी सकाळी साडेसहाला भरायला लागली त्याच वर्षी, हे पुस्तक आलं. आठवड्याला प्रत्येक मुलाच्या हातात अर्धा तास द्यायचं. आत शहर होतं. बस, रसवंतीचे गाडे, तारेवरची कबुतरं, पाण्याच्या टँकरपुढच्या घागरी. पान कागदासारखंच लागायचं, पण मिटून पुन्हा उघडलं की चित्रं जागा बदलायची, आकडाही कमी-जास्त व्हायचा. म्हणजे पाठांतराला वाव नव्हता. मुलांना त्याचं वेड लागलं. पावसात भिजलेल्या चपला टाकाव्यात तशी जुनी पुस्तकं त्यांनी कोपऱ्यात टाकली.

प्रशिक्षणात आम्हाला एवढंच सांगितलं: पुस्तक द्या, मोजू द्या, चुकलं तर चुकू द्या. मध्ये बोलू नका. शिकवू नका. आता अंगणवाडीच्या बाईला शिकवू नका म्हणणं म्हणजे सुगरणीला चुलीपासून चार हात लांब बसवणं. मी हात वर करून विचारलं, "मग आम्ही कशाला?" सगळ्या हसल्या. शिकवणाऱ्या मॅडम पुढच्या मुद्द्याकडे वळल्या. त्यांनाही माहीत नसावं.

दिव्याबद्दल सांगितलं की हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे लक्ष हवं. कशाचं लक्ष, कुणाचं लक्ष, ते नाही.

पण सांगितलं नाही म्हणून बायका गप्प बसत नाहीत. पलीकडच्या गल्लीतली अंगणवाडी त्याच महिन्यात बंद होऊन दुसऱ्या वॉर्डात जोडली गेली. पटावर नऊच पोरं उरली होती, हे खरं कारण. पण तिथल्या बाईंनी सांगितलं की पुस्तकात पिवळे फार आले, म्हणून बंद केली. ते ऐकून मी हिशेब मांडला. पिवळं मूल म्हणजे कच्चं मूल, कच्चं मूल म्हणजे नापास अंगणवाडी. आमची सगळी हयात तपासणीत गेली. साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी पोरांची नखं कापायची, कविता घोकून घ्यायची, अडखळणारं मूल मागच्या रांगेत बसवायचं. तपासणी म्हणजे शिकवून ठेवायची गोष्ट, हे आमच्या हाडात मुरलंय. मला वाटलं, हा दिवा म्हणजे कण्यात बसलेला साहेब.

बेबीला काळजी वेगळीच होती. "बाई, ही आशी का चुकतीया? घरात बी धडाधडा आपटती. परवा दाराच्या चौकटीला टेंगूळ आलं."

"धांदरट आहे. तुझ्यावर गेलीय."

"आता शाळंत घालायची तिला. पिवळी म्हणून नाव लागलं तर?"

"लागू देईन का मी?" मी म्हटलं.

मग मी डोकं चालवलं. मी पाहिलं होतं की ओवी मधलं कधी चुकत नाही, कडेचं सोडते. हे मी पाहिलं होतं! डॉक्टरला ऐकायला सोनं वाटेल अशी गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मी तिच्यावर उपाय काय काढला, तर झाडू.

"ओवी, आजी खोली कशी झाडते?"

"कोपऱ्यातनं."

"शाब्बास. तसंच पान झाडायचं. मान फिरवून आधी ह्या कोपऱ्यात जायचं, मग हळूहळू त्या कोपऱ्यापर्यंत. मधेच सुरुवात केली तर कचरा राहतो."

तिला खेळ आवडला. पण एका अर्ध्या तासानं काय होणार? बेबी म्हणाली, "मी न्हेतो की पुस्तक घरी, रोज सांच्याला." आमच्याकडच्या बायका 'नेतो'च म्हणतात, पुण्याच्या माणसांना हसू येतं. वहीत नोंद करून मी तिला पुस्तक दिलं. ती जेवणं आटपून नातीला मांडीवर घ्यायची आणि दोघी पान झाडायच्या. "कोपरा... मान फिरीव... झाड... झाड... आता त्यो कोपरा." तिसऱ्या आठवड्यात ओवीनं नऊच्या नऊ कबुतरं मोजली आणि दिवा हिरवा राहिला. बेबीनं त्या दिवशी खिचडीत शेंगदाणे जास्त घातले.

एवढ्यावर थांबले असते तर माझं पाप एका घरापुरतं राहिलं असतं. पण माझी जीभ! मासिक बैठकीत मी 'पान झाडणे' करून दाखवलं. बायकांनी मोबाईलवर ते टिपलं आणि आठ दिवसांत तालुकाभर पसरलं. तीनशे बारा अंगणवाड्यांत पोरं माना फिरवून पानं झाडू लागली. तालुका सगळा हिरवा झाला. नारळ आणि शाल देऊन माझा सत्कार झाला आणि मला तो फार गोड लागला, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर ओवी पायरीवरून पडली. मग उलट्या. मग सकाळी उठली की डोकं धरून बसायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. एक दिवस ती खिचडीच्या ताटलीशेजारी जमिनीवर हात फिरवायला लागली, तेव्हा बेबीनं आणि मी तिला उचललं आणि मिरजेला नेलं.

डॉ. अत्तार तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी ओवीला स्टुलावर बसवलं. "माझ्या नाकाकडं बघायचं. इकडं तिकडं नाही. मी हात बाजूला धरतो, किती बोटं ते सांग."

ओवीची मान लगेच फिरली. या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत, हळू, नीट, एकसारखी.

"मान नको फिरवूस, बाळ." त्यांनी तिची हनुवटी धरली.

ती चुळबुळली. मग अगदी समजुतीनं म्हणाली, "काका, मान सोडा की. मान धरली की मला मोजता येत न्हाई."

डॉक्टरांचा हात तिथंच राहिला. "हे असं बघायला कुणी शिकवलं?"

"बाईंनी," ओवी म्हणाली. "आणि आजीनं."

बेबी कौतुकानं हसली. तिला वाटलं, डॉक्टर खूश झाले.

डोक्याचं चित्र काढल्यावर कळलं ते असं. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी एका जागी एकमेकींना भेटतात. तिथं एक गाठ वाढत होती. कॅन्सरची नव्हे, साधी, पण गावात शिरलेल्या पाण्यासारखी इंच इंच सरकणारी. त्या जागी दाब आला की दोन्ही डोळ्यांचं बाहेरच्या अंगाचं दिसणं आधी जातं. माणसाला समोरचं दिसतं, कडेचं नाही. मोठं माणूस तक्रार करतं. लहान मूल करत नाही, कारण सगळ्यांना एवढंच दिसतं असं त्याला वाटतं. रिक्षा नसतात, मान वळवली की येतात.

"सहा महिन्यांपूर्वी आला असता तर दृष्टी बरीचशी राहिली असती," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "आता नसा सुकल्यात. शस्त्रक्रियेनं जीव वाचेल." मग त्यांनी विचारलं, "पण तुमच्याकडं ते पुस्तक आहे ना? ते ह्याचसाठी आहे. त्यानं कसं पकडलं नाही?"

मी ओवीला घ्यायला आत गेले.

जीव वाचला. जानेवारीत ओवी घरी आली तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता.

पुस्तकाची चौकशी करायला गार्गी नावाची इंजिनिअर पोरगी आली. वय पंचविशीचं, डोळ्यांखाली काळं. ती अंगणवाडीच्या सतरंजीवर मांडी घालून बसली आणि तिनं मला पहिल्यांदा सगळं सांगितलं. आधी कुणीतरी सांगायला हवं होतं ते.

कण्यात तांदळाच्या कणीएवढे चार कॅमेरे. त्यांचा उजेड आपल्याला दिसत नाही, पण बुबुळावरून परत फिरतो आणि नजर कुठं आहे ते सांगतो. "नजर सरळ वाहत नाही, बाई. सेकंदाला तीन-चार उड्या मारते. मोजताना ती बोटाच्या पुढे पळते. कडेला काहीतरी आहे असं अंधुक दिसतं, म्हणून ती तिकडं उडी मारते. ज्या बाजूचं दिसतच नाही, तिकडं उडी जात नाही. लाखो मुलांच्या उड्या आम्ही साठवल्यात. एखादं मूल वेगळं वागलं की पिवळा. मुलं चंचल, म्हणून एका पिवळ्यावर काही करत नाही. वेगवेगळ्या आठवड्यांत तीन पिवळे आले की दवाखान्याला आपोआप कळतं."

"ओवीला आला होता की पिवळा."

"हो. पण तीन व्हायच्या आत बंद झाले."

"मान फिरते ते तुमच्या पुस्तकाला कळत नाही?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "सुरुवातीला कळत होतं. मान खूप फिरली की दिवा हिरवा असला तरी ते आत शंकेची नोंद करायचं. पण ते मुलांकडूनच शिकत राहतं. ह्या तालुक्यातली हजारो मुलं मान फिरवूनच बघतात, म्हणजे इकडच्या मुलांची रीतच ही, असं ते शिकलं. का फिरवतात ते आम्हाला कळत नाहीये. बाई, इथं काही झालं होतं का?"

समोर पोरं पानं झाडत बसली होती. तिला तोंड वर करून बघायचा अवकाश होता.

मी म्हटलं, "उद्या सांगते."

कारण आदल्याच दिवशी प्रकल्प अधिकारी घोरपडे साहेबांनी मला बोलावून घेतलं होतं. त्यांना कळलं होतं सगळं. मूर्ख नव्हते ते. "यंत्र बिघडलं, एवढंच आपण म्हणायचं. पुस्तकं परत जातील. झाकली मूठ सव्वा लाखाची, खोतबाई. तीनशे बारा बायकांच्या पोटावर कशाला पाय देता?" युनियनच्या बायकांनीही तेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी गार्गीला सांगितलं. तिनं ओरडावं असं मला वाटत होतं, पण ती लिहून घेत गेली. शेवटी म्हणाली, "ह्या तालुक्यात आणखी मुलं असणार. हिरव्या दिव्याची. एवढ्या हजारांत कोणती, ते शोधायला एकच वाट आहे. शिकवण्याआधी आणि नंतर, दोन्ही नोंदी असलेलं आणि आजार नक्की ठाऊक असलेलं एकच मूल आमच्याकडं आहे. ओवी. तिला कोणत्या दिवशी काय शिकवलं हे समजलं, तर शिकवलेल्या मानेखालची खरी नजर कशी असते ते पुस्तकाला शिकवता येईल. पण त्या नोंदी घरच्या आहेत. शिकवणारीनं स्वतः दिवसवार सांगायला हवं, आणि सही."

"शिकवणारीनं."

"आजीनं," गार्गी म्हणाली.

बेबीला अजून काहीच माहीत नव्हतं. तिच्या लेखी गाठ देवानं दिली होती आणि पुस्तक चांगलं होतं. रोज संध्याकाळी ती आंधळ्या नातीला मांडीवर घेऊन तिच्या कानात शहर सांगायची: सिग्नल, पोलीस, कबुतरं. मी सांगितलं नसतं तर ती मरेपर्यंत तशीच राहिली असती, निर्दोष. तिचं ते निर्दोष असणं एका पारड्यात आणि कुठली कोण पोरं दुसऱ्या पारड्यात. मी तीन दिवस तोललं. चौथ्या दिवशी पोरं गेल्यावर, ती पातेलं घासत असताना, तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं.

सगळं सांगितलं. पिवळा दिवा म्हणजे काय होतं. तीन पिवळे आले असते तर काय झालं असतं. झाडू मी शोधला, पण रोज संध्याकाळी मान कुणी फिरवली.

तिचे हात राखेत थांबले. ती माझ्याकडे बघत होती, जणू मी कानडीत बोलत होते.

"म्हंजे मी..." ती म्हणाली.

"आपण. मी आधी."

"तुमी न्हाई. तुमी अर्धा तास. रोज रातीला मांडीवर मी घिऊन बसलो." ती उठली. "हे मला कशाला सांगितलासा, बाई? तुमच्या उरावरचा धोंडा माझ्या उरावर ठेवायला?"

"आणखी पोरं आहेत, बेबी."

"असत्याल! माझी न्हाईत ती!" तिनं पातेलं भिंतीवर फेकलं. अठरा वर्षांत तिचा आवाज मी असा ऐकला नव्हता. "माझी एकच हुती आन् तिचं डोळं मी पुसलं. ह्या हातानं. आन् तुमी मला आता सही मागताय?"

मी तिच्या पायाला हात लावायला वाकले तर ती मागे सरकली आणि निघून गेली.

दोन दिवस ती आली नाही. खिचडी मी शिजवली, ती करपली. तिसऱ्या दिवशी सकाळी गार्गी आली होती, तेवढ्यात बेबी दारात उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. गार्गीसमोर बसली आणि म्हणाली, "लिवा. पयल्या दिशी सोमवार हुता. पोरगीला आदी उजवा कोपरा सापडंना."

दोन तास ती बोलत होती. एकवीस दिवसांतला एकही दिवस विसरली नव्हती. कोणत्या दिवशी ओवी रडली, कोणत्या दिवशी कंटाळली, कोणत्या दिवशी मान न सांगता आपोआप फिरली. त्या दिवशी तिनं नातीच्या गालावरून बोटं मोडली होती, तेही सांगितलं. मग सही केली, मोठ्या अक्षरांत, बेबी दगडू लोहार.

जबाब जाहीर झाला. व्हायचाच होता. बेबीचा मुलगा अमोल कामावर असताना कुणीतरी त्याला मोबाईलवर दाखवला. तो घरी आला, आईशी एक शब्द बोलला नाही, आठ दिवसांत बायको आणि ओवीला घेऊन भोसरीला गेला. तिकडे अंधांची शाळा आहे. बेबीचा फोन तो उचलत नाही. मला आणि बेबीला कामावरून कमी केलं. बाकीच्या तीनशे अकरा जणींना ताकीद मिळाली. त्यातल्या बऱ्याच जणी रस्त्यात मला बघून पलीकडून जातात.

पुस्तक पुन्हा शिकलं. जून महिन्यात तालुक्यातल्या सगळ्या मुलांच्या जुन्या नोंदी त्यातून काढल्या आणि अकरा जणांना बोलावणं गेलं. सात जणांचं काहीच निघालं नाही. चौघांचं निघालं.

ऑगस्टमध्ये हातकणंगल्याची एक बाई माझा पत्ता शोधत आली. तरुण, अंगावर कारखान्याचा गणवेश, हातात पेढ्यांचा पुडा. मुलीची शस्त्रक्रिया झाली होती. तिला जबाब देणाऱ्या आजीचे पाय धरायचे होते, पण बेबीच्या दारापर्यंत जायचं धाडस होईना. पुडा माझ्या हातात देऊन ती रडली आणि बस पकडायला गेली.

मी बेबीकडे गेले. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. तिनं दार उघडलं. घरात एकच ताट, एकच पेला पालथा घातलेला. मी पुडा पुढे केला आणि कुणी दिला ते सांगितलं. तिनं तो घेतला नाही, उंबऱ्यावरूनच विचारलं.

"नाव काय पोरीचं?"

"स्पृहा."

"केवढी हाय?"

"पाचवं लागेल आता."

"दिसतंय न्हवं तिला?"

"दिसतंय."

"कडंचं बी?"

"कडेचंही. सगळं."

तिनं पुड्यातला एक पेढा उचलला आणि अख्खा तोंडात घातला. सावकाश चावला. गिळताना तिला ठसका लागला, मी पुढे झाले, तिनं हातानं मला थांबवलं. डोळे पुसून तिनं पुड्याचा दोरा पुन्हा नीट बांधला आणि तो माझ्या हातात परत दिला.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता परत येऊ नगासा, बाई."

आणि तिनं दार लावून घेतलं.